आयपीओ लागला का? स्वतः तपासायचं कसं, आणि आलेलं उत्तर वाचायचं कसं

२०२४ सालचे गौरी-गणपती. गुरुवार, १२ सप्टेंबर. पंचगंगेवर गौरी-गणपतीचं विसर्जन करून मंडळी नुकतीच घरी आली होती, तेवढ्यात कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या मावशीचा फोन आला. "अरे, पैसं कापल्यात बघ, चौदा हजार नऊशे ऐंशी. म्हंजे आयपीओ लागला न्हवं?"

आयपीओ म्हणजे एखाद्या कंपनीने पहिल्यांदाच लोकांना देऊ केलेले शेअर. अर्ज करून ते मिळाले की आपण 'लागला' म्हणतो. बजाज हाउसिंग फायनान्सचा आयपीओ आदल्या दिवशी बंद झाला होता. सत्तर रुपयांना एक शेअर, २१४ शेअरचा एक लॉट, म्हणजे कमीत कमी तेवढे तरी मागायचे. मावशीने एका लॉटसाठी अर्ज केला होता, तिच्या सुनेने केला होता आणि जावयानेही. त्या रात्री तिघांचं तपासलं, तर तिघांना तीन वेगळी उत्तरं मिळाली. मी लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देतो, म्हणून असले फोन मला नेहमीचेच. पण त्या एका रात्रीत जेवढं समजावून सांगावं लागलं, तेवढं सगळं एकदा लिहून ठेवावं असं तेव्हापासून मनात होतं.

आधी मावशीच्या "पैसं कापल्यात"बद्दल. पैसे कापलेले नव्हतेच. अर्ज करताना यूपीआयवर जी मंजुरी देतो, तिला मँडेट म्हणतात. ती दिली की बँक तेवढी रक्कम आपल्याच खात्यात अडकवून ठेवते. गुजरीत एखादा दागिना पसंत करून सराफाला बाजूला काढून ठेवायला सांगितला, तर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला देत नाही, पण तो दागिना अजून दुकानाचाच असतो. तसंच हे. पैसे तुमचे, तुमच्या बचत खात्यात, त्यावर नेहमीचं व्याजही चालू. फक्त तेवढी रक्कम काढता येत नाही आणि खर्चताही येत नाही. पूर्वी अर्जासोबत चेक जोडावा लागे. शेअर लागले नाहीत तर परताव्याची वाट बघत बसावं लागे आणि तोवर पैसा दुसऱ्याच्या हातात असे. रक्कम खात्यातच अडकवण्याची सोय सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २००८ मध्ये आणली, २०१६ पासून ती सगळ्यांना सक्तीची केली आणि २०१९ मध्ये छोट्या गुंतवणूकदारांसाठी यूपीआय जोडलं. सामान्य माणसाच्या दृष्टीने शेअर बाजारात झालेल्या मोठ्या सुधारणांपैकी ही एक आहे, असं माझं ठाम मत आहे.

तेव्हा रक्कम 'ब्लॉक' झाल्याचा मेसेज आला याचा अर्थ एवढाच, की तुमचा अर्ज रांगेत उभा राहिला. शेअर लागले की नाही, हे त्यावरून अजिबात कळत नाही. मावशीने तो मेसेज दोन दिवस जपून ठेवला होता आणि वाचला गुरुवारी, एवढंच.

उत्तर कधी येतं

१ डिसेंबर २०२३ पासून नियम असा आहे, की आयपीओ बंद झाल्यापासून कामकाजाच्या तिसऱ्या दिवशी शेअर बाजारात यायला हवा. पूर्वी यासाठी सहा दिवस लागत. बजाज हाउसिंगचंच घ्या. बुधवारी, ११ तारखेला अर्ज बंद झाले. गुरुवारी कोणाला किती शेअर द्यायचे हे ठरलं. शुक्रवार हा ज्यांना लागले त्यांच्या डीमॅटमध्ये, म्हणजे शेअर ठेवायच्या खात्यात, शेअर जमा करायचा आणि ज्यांना लागले नाहीत त्यांचे पैसे मोकळे करायचा दिवस. मध्ये शनिवार-रविवार गेला आणि सोमवारी, १६ तारखेला शेअर बाजारात आला. मध्ये बँकेची किंवा बाजाराची सुट्टी आली की हे सगळं तेवढ्याने पुढे सरकतं.

म्हणजे तपासायची खरी वेळ आयपीओ बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळनंतरची. त्याआधी कोणी कितीही खात्रीने "लागला" म्हणाला तरी त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. कधी कधी शेअर लागलेल्यांच्या खात्यातून रक्कम खरोखर वजा झाल्याचा मेसेज संकेतस्थळावरच्या निकालाच्या आधी येतो. तो मेसेज 'डेबिट'चा असेल, 'ब्लॉक'चा नसेल, तर चिन्ह चांगलं. पण तरीही निकाल स्वतः बघावा.

ठरवतं कोण, आणि कसं

कोल्हापुरात 'शेअर' म्हटलं की जुन्या माणसांना साखर कारखान्याचा सभासद किंवा पतसंस्थेचा भाग आठवतो. तिथे ओळखपाळख, संचालक, गाव या सगळ्याला अर्थ असतो. म्हणून आयपीओतही "आतला कोणीतरी" असेल, ब्रोकरने मनावर घेतलं तर काम होईल, असं वाटणं साहजिक आहे. इथे तसं काही नसतं. सगळे अर्ज रजिस्ट्रार नावाच्या संस्थेकडे जातात. ती अर्ज तपासते, दुबार अर्ज बाद करते आणि वाटपाचा तक्ता करते. त्या तक्त्याला शेअर बाजाराची मंजुरी लागते. तुम्ही ज्या अॅपवरून अर्ज केला, त्या अॅपचा या निर्णयात कसलाही हात नसतो.

दोन लाख रुपयांपर्यंतचा अर्ज 'रिटेल' वर्गात मोडतो. नफ्याच्या आणि इतर अटी पूर्ण करणाऱ्या कंपनीच्या आयपीओत साधारणपणे ३५ टक्के शेअर या वर्गासाठी राखलेले असतात. नफ्याची अट पूर्ण न करणारी कंपनी असेल तर रिटेलचा वाटा फक्त १० टक्के असतो, आणि तिथे लागण्याची शक्यता आपोआप आटते. अर्ज भरण्याआधी ही एक गोष्ट बघितली तरी पुढची बरीच हुरहूर वाचते.

आता सोडत. भिशी कशी चालते हे आपल्याकडे घराघरात माहीत आहे. चिठ्ठ्या टाकतात, एक काढतात, ज्याचं नाव निघेल त्याला त्या महिन्याची रक्कम. आयपीओतली सोडत तशीच, फक्त संगणकावर निघते. एक फरक मात्र मोठा आहे. भिशीत आज नाही तर पुढे कधीतरी प्रत्येकाचा नंबर लागतोच. इथे दहा वेळा लागला नाही म्हणून अकराव्या वेळी लागेल असं काही नाही. म्हाडाच्या घरांची सोडत हे जास्त जवळचं उदाहरण.

२०१२ मध्ये सेबीने नियम केला, की रिटेलमधल्या शक्य तितक्या लोकांना आधी किमान एक लॉट मिळाला पाहिजे. अर्ज करणारे लोक उपलब्ध लॉटपेक्षा जास्त असतील तर एकेका लॉटसाठी सोडत निघते. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. मागणी फार असलेल्या आयपीओत एक लॉट मागणारा आणि तेरा लॉट मागणारा यांची शक्यता अगदी सारखी असते. दोघांचीही चिठ्ठी एकच. उद्यमनगरात मशीन शॉप चालवणारे माझे एक अशील दर वेळी जवळपास दोन लाख अडकवायचे, "जास्त मागितलं तर थोडं तरी मिळेल" म्हणून. त्यांना हे पटवायला मला वर्ष लागलं.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. "रिटेल सतरा पट भरला" असं वाचलं की लोक म्हणतात, सतरा जणांत एकाला लागणार. तसं नसतं. समजा हजार लॉट आहेत. चार हजार लोकांनी एकेक लॉट मागितला, म्हणजे चार हजार लॉट. आणखी हजार लोकांनी तेरा-तेरा मागितले, म्हणजे तेरा हजार. एकूण मागणी सतरा हजार लॉटची, म्हणून "सतरा पट". पण माणसं किती? पाच हजार. म्हणजे पाचांत एकाला लागणार. शक्यता ठरते ती अर्जांच्या संख्येवर, मागितलेल्या शेअरच्या संख्येवर नाही. बजाज हाउसिंगला ८८ लाखांहून जास्त अर्ज आले होते. तिथे ज्यांना लागला नाही त्यांचं काही चुकलं असं समजायचं कारणच नव्हतं.

उलटंही घडतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्युंदाई मोटर इंडियाचा २७,८७० कोटींचा आयपीओ आला. रिटेलचा वाटा निम्माच भरला. तिथे सोडतीचा प्रश्नच नव्हता, योग्य अर्ज केलेल्या रिटेलवाल्यांना मागितलेले शेअर मिळाले. १,९६० ला दिलेला तो शेअर बाजारात १,९३४ ला उघडला. लागण्याची खात्री आणि पहिल्या दिवशीचा फायदा या दोन गोष्टी सहसा एका गाडीतून येत नाहीत.

तपासायचं कुठे

सगळ्यात पक्कं उत्तर रजिस्ट्रारच्या संकेतस्थळावर. प्रत्येक आयपीओचा रजिस्ट्रार वेगळा असू शकतो, आणि लोक अडखळतात ते इथेच. केफिन टेक्नॉलॉजीज, एमयूएफजी इनटाइम म्हणजे पूर्वीची लिंक इनटाइम, बिगशेअर सर्व्हिसेस ही त्यातली नेहमी दिसणारी नावं. आपल्या आयपीओचा रजिस्ट्रार कोण हे कंपनीच्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर छापलेलं असतं, आणि बहुतेक ब्रोकरच्या अॅपवरही असतं. बजाज हाउसिंगचं काम केफिनकडे होतं. मावशीची सून भलत्याच रजिस्ट्रारच्या पानावर बजाजचं नाव शोधत बसली होती.

पानावर गेल्यावर कंपन्यांची यादी उघडते. तिच्यात आपल्या कंपनीचं नाव नसेल तर घाबरू नका. निकाल चढवल्याशिवाय नाव त्या यादीत येत नाही. म्हणजे एक तर अजून वेळ आहे, नाहीतर रजिस्ट्रार चुकला. नाव दिसलं की ते निवडायचं आणि पॅन, अर्ज क्रमांक किंवा डीमॅट क्रमांक यांपैकी एक टाकायचा. पॅन सगळ्यात सोपा. डीमॅट क्रमांक टाकणार असाल तर आपलं खातं सीडीएसएलमध्ये आहे की एनएसडीएलमध्ये हे ठाऊक हवं, डीमॅट खाती सांभाळणाऱ्या या दोन संस्था. सीडीएसएलचा क्रमांक सलग सोळा आकड्यांचा असतो. एनएसडीएलचा 'आयएन' या अक्षरांनी सुरू होतो आणि पुढे चौदा आकडे असतात. शेवटी चित्रातली अक्षरं ओळखून टाकायची, झालं. मोठ्या आयपीओच्या संध्याकाळी ही पानं रखडतात, तेव्हा जेवून घ्यावं आणि दहाला परत बघावं. केफिन याच कारणासाठी तपासणीच्या अनेक लिंक देतं. एक उघडत नसेल तर दुसरी बघायची, उत्तर सगळीकडे तेच.

दुसरी जागा बीएसईचं, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचं, संकेतस्थळ. तिथे अर्जाची स्थिती तपासायचं पान आहे. 'इक्विटी' निवडायचं, कंपनी निवडायची आणि पॅन किंवा अर्ज क्रमांक टाकायचा. रजिस्ट्रार कोण हे शोधत बसावं लागत नाही, हा इथला फायदा.

या दोन्ही ठिकाणी ओटीपी, यूपीआय पिन किंवा बँकेचा पासवर्ड लागत नाही. एकदाही नाही. "अलॉटमेंट बघा" म्हणून आलेल्या लिंकने यातलं काहीही मागितलं तर ती लिंक फसवणुकीची आहे. आणि थोडे पैसे घेऊन आयपीओ "लावून" देतो म्हणणारा माणूस खोटं बोलतोय. गेल्या काही वर्षांत व्हॉट्सअॅप आणि टेलिग्रामच्या ग्रुपांतून अशा भूलथापांना बळी पडून लोकांनी आयुष्यभराची पुंजी घालवली आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढं तरी आवर्जून सांगा.

आलेलं उत्तर काय म्हणतं

आता त्या तीन उत्तरांकडे येतो.

जावयाच्या पॅनवर आलं: अर्ज केलेले शेअर २१४, मिळालेले शेअर २१४. म्हणजे लागला. सोमवारी सकाळी तो शेअर १५० रुपयांना उघडला.

मावशीच्या पॅनवर आलं: अर्ज केलेले २१४, मिळालेले शून्य. सोडतीत तिची चिठ्ठी होती, निघाली नाही. यात कोणाची चूक नाही, काही दुरुस्त करायचं नाही. अडकलेली रक्कम मोकळी होते, आणि तिची शुक्रवारी झाली.

सुनेच्या पॅनवर आलं: नोंद सापडत नाही. ती म्हणाली, "मलाबी न्हाई लागला तर." पण हे मावशीच्या उत्तरासारखं नाही, आणि मला या अख्ख्या लेखात काही जीव तोडून सांगायचं असेल तर ते हेच आहे. शून्य शेअर म्हणजे सोडतीत होतो, पण नशिबाने साथ दिली नाही. नोंद नाही म्हणजे आपण सोडतीत नव्हतोच. पहिल्यावर काही उपाय नसतो, दुसऱ्यावर बहुतेक वेळा असतो. पण लोक दोन्हींना "लागला नाही" म्हणतात आणि तीच चूक पुढच्या पाच आयपीओत करत राहतात.

आधी पॅन पुन्हा नीट टाकून बघितला, बीएसईवरही बघितलं. तिथेही नोंद नाही. मग तिचं यूपीआय अॅप उघडलं. बजाज हाउसिंगचं मँडेट मंजुरीविना तसंच पडलं होतं, मुदत संपून. तिने अर्ज भरला बुधवारी दुपारी, शेवटच्या दिवशी. तो होता गौरीपूजनाचा दिवस. घरात पाहुणे, नैवेद्याची गडबड. मँडेटची सूचना आली होती, पण "मागनं बघू" म्हणून राहिली. शेवटच्या दिवशी मँडेटला मंजुरी द्यायची मुदत संध्याकाळी पाचपर्यंतच असते. पाच वाजून गेले की अॅपवर अर्ज कितीही व्यवस्थित दिसत असला तरी तो धरला जात नाही.

अर्ज बाद होण्याची बाकीची कारणंही अशीच साधी असतात. एका पॅनवर एकाच वर्गात दोन अर्ज केले तर बाद. नवऱ्याच्या यूपीआयवरून बायकोचा अर्ज भरला तर बाद, कारण रिटेलमध्ये यूपीआयचं बँक खातं अर्जदाराच्या स्वतःच्याच नावाचं लागतं. नवरा, बायको, आई यांनी आपापल्या पॅनवर, आपापल्या डीमॅटमधून आणि आपापल्या बँक खात्यातून वेगवेगळे अर्ज करायला मात्र पूर्ण मुभा आहे. हे नियम कडक असण्यामागे इतिहास आहे. २००५ च्या सुमाराला येस बँक आणि आयडीएफसीच्या आयपीओंत काही लोकांनी खोट्या नावांनी हजारो डीमॅट खाती उघडून छोट्या गुंतवणूकदारांच्या वाट्याचे शेअर लाटल्याचं सेबीच्या तपासात निघालं होतं.

आपल्या भागात एक खास अडचण येते, ती बँकेची. कित्येकांचे रोजचे व्यवहार पतसंस्थेत किंवा छोट्या सहकारी बँकेत असतात. आयपीओसाठी रक्कम अडकवण्याची सोय सेबीच्या यादीतल्या बँकांकडेच असते, पतसंस्थेच्या खात्यावरून हे होत नाही. सहकारी बँकांपैकीही काहींकडे सोय आहे, काहींकडे नाही. गॅसचं बिल त्या यूपीआयवरून भरता येतं म्हणून आयपीओचं मँडेट चालेल असं धरून चालू नका. सेबीच्या संकेतस्थळावर यूपीआयने आयपीओ चालणाऱ्या बँकांची आणि अॅपची यादी आहे. अर्जाआधी एकदा बघून घ्या.

कधी एकाच पॅनवर दोन नोंदी दिसतात, त्यानेही घाबरू नका. एलआयसीच्या मे २०२२ च्या आयपीओत विमाधारकांसाठी वेगळा वाटा होता, आणि विमाधारकाला त्या वर्गात एक आणि रिटेलमध्ये एक असे दोन अर्ज करता येत होते. दोन वर्गांतले दोन अर्ज म्हणजे दोन उत्तरं. तसं असेल तर दोन्ही ओळी वाचा. पहिल्या ओळीत शून्य बघून पान बंद केलेले लोक मी पाहिले आहेत.

लागला, पण दिसत नाही

निकालात शेअर दिसतात आणि डीमॅटमध्ये नाहीत, असं झालं तर पुढच्या दिवसाची संध्याकाळ होऊ द्या. जमा झाले की सीडीएसएल किंवा एनएसडीएलकडून मोबाइलवर मेसेज येतो. ब्रोकरच्या अॅपवर मात्र ते कधी कधी थेट बाजारात येण्याच्या सकाळीच दिसतात. मधल्या काळात खात्री हवी असेल तर सीडीएसएलच्या 'ईझी' किंवा एनएसडीएलच्या 'आयडियाज' या सेवेत स्वतः नाव नोंदवून बघता येतं. त्या सकाळी नऊ ते दहा या वेळात फक्त भाव ठरवण्याचं सत्र चालतं आणि नेहमीची खरेदी-विक्री दहाला सुरू होते. तेव्हा सव्वानऊला "विकता येईना" म्हणून गोंधळून जाऊ नका. आणि वर्षाच्या आत विकून नफा झाला तर त्यावर २० टक्के दराने कर लागतो, तेवढी रक्कम बाजूला ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये हा विषय माझ्याकडे येतोच.

शेअर लागले नाहीत आणि पैसेही मोकळे झाले नाहीत, तर मात्र गप्प बसू नका. यूपीआय अॅपवर मँडेट 'चालू' दिसतंय म्हणून नुसतं रद्द करायच्या मागे लागू नका, आधी बँकेला विचारा. मुदतीनंतर रक्कम अडकून राहिली तर भरपाईचा नियम आहे: दिवसाला १०० रुपये किंवा अर्जाच्या रकमेवर वर्षाला १५ टक्के, यातलं जे जास्त असेल ते. पंधरा हजारांच्या अर्जावर १५ टक्के म्हणजे दिवसाला साधारण सहा रुपये होतात, म्हणून छोट्या अर्जदाराला शंभराचा नियमच लागू पडतो. ही भरपाई मागायला लाजू नये.

तक्रार आधी बँक आणि रजिस्ट्रारकडे, लेखी. कंपनीच्या तक्रार निवारणाचा ईमेल माहितीपत्रकात असतो. तिथून समाधान झालं नाही तर सेबीच्या 'स्कोअर्स' या संकेतस्थळावर घरबसल्या तक्रार करता येते, त्याला पैसे पडत नाहीत. तक्रारीत अर्ज क्रमांक, पॅन, डीमॅट क्रमांक, अडकलेली रक्कम आणि ती कोणत्या तारखेला अडकली, एवढं हवं. अर्ज क्रमांक अॅपवर आयपीओच्या नोंदींत सापडतो, पण काही अॅपवर तो थोड्या दिवसांनी खाली कुठेतरी जातो. मावशीची सून आता अर्ज पहिल्याच दिवशी भरते. मँडेट लगेच मंजूर करते आणि अर्ज क्रमांक दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवते.